पगारातील कपात आणि आपले कर्तव्य

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात जालना येथे केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी मला यंदा चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी 'पगारातील कपात' हा विषय सुचविला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, हा कचेरीतला विषय. संमेलनात लोक सणासारखे येतात." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तथापि या मंडपात असे घर विरळाच असेल की, ज्यातील एखादा मुलगा किंवा सून कोणाच्या तरी हाताखाली पगारी नाही. कोणी औद्योगिक वसाहतीतील लोखंडाच्या कारखान्यात आहे, कोणी बियाणे कंपनीत, कोणी मोंढ्यातील आडतीवर, कोणी खाजगी शाळेत. आणि दुसऱ्या बाजूस, चार-दहा माणसांना पगार देणारी घरेही आपल्या ज्ञातीत आता पुष्कळ झाली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. म्हणजे देणारे आणि घेणारे असे दोघेही येथे एकाच पंगतीला बसलेले आहेत. दोघांनी मिळून ऐकावा असा हा विषय आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला साधा मास्तर आहे. वकील नव्हे. परंतु कपात म्हणजे काय, हे मला शाळेत जाण्याच्या आधी घरात कळले. माझे वडील सालगडी होते. गुढीपाडव्याला साल ठरे आणि पुढल्या पाडव्यापर्यंत देह मालकाचा. ताप आला, पाहुणा आला, घरात बाळंतपण निघाले, म्हणून वडील कामाला गेले नाहीत की त्या दिवसाचा खाडा पडे. आई अक्षरशत्रू होती. ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने खाड्याच्या रेघा ओढून ठेवी. वर्षाच्या अखेरीस हिशेब होई, तेव्हा मालकाच्या वहीतील रेघा आईच्या भिंतीवरील रेघांहून नेहमी अधिक भरत. वडील काही बोलत नसत. वही खरी आणि भिंत खोटी, असा तो काळ होता.

पुढे मी नोकरीस लागलो. संस्थेचे नाव मी घेणार नाही. पहिली काही वर्षे पावतीवर एका आकड्यापुढे सही करावयाची आणि हातात दुसराच आकडा घ्यावयाचा, असा प्रघात होता. मधली रक्कम इमारतीसाठी आहे असे सांगत. मीही वडिलांसारखाच काही बोललो नाही. मुलांना मी बेरीज-वजाबाकी शिकवीत होतो. स्वतःच्या पगाराची वजाबाकी मात्र मी कधी कोणास विचारली नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. याच मौनाने पुढे माझ्या हातून एक चूक घडली, ती मी थोड्या वेळाने आपणांपुढे मांडणार आहे.

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न उघडपणे मांडणारी माणसे फार पूर्वी होऊन गेली. महात्मा फुले यांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईतील गिरणी कामगारांची सभा भरविली आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, जखमी झालेल्या कामगारास भरपाई, आणि मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा, या त्यांच्या मागण्या होत्या. आज रविवारी आपण हे संमेलन भरवू शकतो, याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. १८९० च्या जून महिन्यात मुंबईच्या गिरण्यांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पगाराच्या तारखेची मागणी मात्र कायद्यात यावयास पुष्कळ वर्षे लागली. तोवर गिरण्यांत उशीर झाला तर दंड, सूत तुटले तर दंड, असे चालू होते. कापडात दोष राहिला तर ते कापडच विणकराच्या गळ्यात बांधून त्याची किंमत पगारातून वळती करून घेत. माणूस महिनाभर राबे आणि महिन्याच्या शेवटी फाटके ठाण खांद्यावर टाकून घरी येई.

व्हिटले कमिशनने १९३१ साली आपला अहवाल दिला. त्यानंतर १९३६ साली वेतन प्रदान अधिनियम झाला आणि १९३७ च्या मार्चमध्ये तो अंमलात आला. कायद्यात सांगितलेल्या कारणांखेरीज मालकास पगारातून एक पैसाही कापता येणार नाही, हे तत्त्व त्या कायद्याने घालून दिले. आरंभी तो दरमहा २०० रुपयांच्या आतील पगारदारांनाच लागू होता; ही मर्यादा वाढत वाढत २०१७ साली २४,००० रुपयांवर आली. त्या कायद्याची जागा आता वेतन संहिता, २०१९ हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. कपातीच्या बाबतीत आता पगाराच्या मर्यादेचा अडसर राहिलेला नाही. सरकारी आस्थापनांचे नियम स्वतंत्र आहेत. परंतु खाजगी कारखाना, दुकान, कचेरी येथे काम करणाऱ्या शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत सर्वांस हे नियम लागू पडतात.

आता हे नियम मी वर्गात सांगावेत तसे सांगतो. कंटाळू नये.

पहिला नियम तारखेचा. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाला पाहिजे. नोकरी सुटली, मग ती कामगाराने सोडलेली असो वा मालकाने काढून टाकलेले असो, देणे असलेला पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता केला पाहिजे. 'हिशेब पाहू, दिवाळीनंतर या,' या उत्तरास कायद्यात जागा नाही.

दुसरा नियम कारणांचा. कपातीची कारणे कायद्याने मोजून दिली आहेत. गैरहजेरी, दंड, कामगाराच्या हयगयीने झालेले नुकसान, दिलेली उचल व तिचे हप्ते, राहावयास दिलेले घर, भविष्यनिर्वाह निधी, आयकर, न्यायालयाचा हुकूम, सहकारी संस्थेचे देणे, अशी ती यादी आहे. यादीत नाही ते कापता येत नाही. आणि सर्व कपाती मिळून त्या मुदतीच्या वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. १५,००० रुपये वेतन असेल, तर कितीही देणे असले तरी त्या महिन्यात ७,५०० रुपयांच्या पलीकडे कात्री चालत नाही.

तिसरा नियम खाड्याचा. जितके दिवस गैरहजर, तितक्याच प्रमाणात पगार कापावा. एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचा पगार कापणे गैर आहे. अपवाद एकच आहे. दहा किंवा अधिक कामगारांनी संगनमताने, सूचना न देता आणि सबळ कारण नसता काम सोडले, तर आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापण्याची तरतूद होऊ शकते. हा नियम वाचला तेव्हा मला भिंतीवरील कोळशाच्या रेघा आठवल्या.

चौथा नियम दंडाचा. कोणत्या चुकीस दंड होईल, हे सरकारच्या अगर नेमलेल्या अधिकाऱ्याच्या मंजुरीने आधी ठरवून कामाच्या जागी लावलेले असले पाहिजे. दंड करण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकले पाहिजे. दंड त्या मुदतीच्या वेतनाच्या शेकडा ३ हून अधिक नसावा. म्हणजे १५,००० रुपयांवर जास्तीत जास्त ४५० रुपये. तो हप्त्याहप्त्याने वसूल करता येत नाही आणि ९० दिवस उलटल्यावर मुळीच करता येत नाही. शिवाय दंडाची रक्कम मालकाच्या गल्ल्यात जात नाही. ती नोंदवहीत लिहून कामगारांच्या हिताच्या कामीच खर्चावी लागते.

पाचवा नियम नुकसानीचा, आणि सर्वांत अधिक अन्याय येथेच होतो. माल किंवा रोकड त्या माणसाच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेली असली पाहिजे. नुकसान त्याच्याच हयगयीमुळे झालेले असले पाहिजे. कापण्यापूर्वी त्यास खुलासा करण्याची संधी दिली पाहिजे. आणि नुकसान झाले त्याहून अधिक कापता कामा नये. 'माल कमी भरला, सगळ्यांच्या पगारातून वळता करा,' हा न्याय नव्हे.

काही कपाती मात्र कामगाराच्या हिताच्या असतात, हेही तरुणांनी ध्यानात घ्यावे. १५,००० रुपये वेतनाचा एक मुलगा धरा. भविष्यनिर्वाह निधी शेकडा १२ प्रमाणे १,८०० रुपये, कर्मचारी राज्य विमा शेकडा पाऊण प्रमाणे ११३ रुपये, आणि व्यवसायकर २०० रुपये. हाती आले १२,८८७. या कपातीस भिऊ नये. निधीत मालकालाही आपल्या पदरचे तितकेच घालावे लागतात. आणि मालकाचा तो वाटा कामगाराच्या पगारातून कापणे बेकायदेशीर आहे. भगिनींनी एवढे अधिक लक्षात ठेवावे की, महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांस व्यवसायकर माफ आहे. निधीची कपात पगारपत्रकावर दिसते, पण ती खात्यात भरली जाते किंवा नाही, हे आपल्या मुलांनी मोबाईलवर पासबुक उघडून महिन्याच्या महिन्याला पाहावे. कापलेली रक्कम मालकाने भरलीच नाही, तर तो दोष कामगाराच्या माथी येत नाही, असे नव्या संहितेत स्पष्ट म्हटले आहे.

आता मी मघाशी कबूल केलेली गोष्ट सांगतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. एका कारखान्याच्या गोदामावर तो होता. पगार १४,००० रुपये. गोदामाच्या किल्ल्या आणखी दोघांकडे असत. माल मोजताना तूट निघाली आणि मालकांनी कोणास काही न विचारता याच्या पगारातून दरमहा २,००० रुपये कापण्यास आरंभ केला. मालक आपल्याच ज्ञातीतील. मुलगा म्हणाला, "गुरुजी, मी एक खिळासुद्धा उचललेला नाही. काय करू?" मी त्याला म्हणालो, "बाळ, आपल्याच माणसाकडे नोकरी आहे. वाद वाढवू नकोस. दिवस निघून जातील." त्याने माझ्या पायांना हात लावला आणि तो गेला.

सहा महिने कपात चालली. मग त्याने नोकरी सोडली, तेव्हा शेवटच्या महिन्याचा पगारही अडकला. एकूण २६,००० रुपये. त्या वेळच्या कायद्याने अर्ज करण्याची मुदत बारा महिन्यांची होती. ती मुदत माझ्या शब्दाखातर निघून गेली. मुलगा पुण्याकडे गेला आणि पुन्हा माझ्याकडे आला नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी याच संमेलनात गरीब विद्यार्थ्यांना वह्यांचे वाटप झाले. वह्या त्याच मालकांनी दिल्या होत्या आणि त्यांच्या औदार्याबद्दल आभार मानण्याचे काम माझ्याकडे होते. मी आभार मानले. वह्या घ्यावयास मुलांची रांग लागली. त्या रांगेत त्या मुलाची धाकटी बहीण होती. तिने हसत वह्या घेतल्या. मंडळी, त्या वह्या कोणाच्या पैशांच्या होत्या? हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

गेल्या वर्षी मी धीर करून त्या गृहस्थांकडे गेलो. ते दुष्ट नाहीत, हे मी येथे मुद्दाम सांगतो. त्यांनी मला बसवून चहा दिला. मी कायदा सांगितला तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, माझ्या वडिलांनी असाच धंदा केला, मीही तसाच केला. हे चूक आहे असे मला कोणी सांगितलेच नाही." अडलेला पगार त्यांनी त्या मुलाच्या आईकडे पोहोचविला. उरलेल्या १२,००० रुपयांचे ते पाहू म्हणाले आहेत. मी अजून विचारीत आहे. परंतु त्यांच्या एका वाक्याने मला खाली पाहावयास लावले. कोणी सांगितलेच नाही! सांगावयाचे काम कोणाचे होते? मी त्यांचाही शेजारी आणि मुलाचाही गुरू. दोघांनाही मी ते सांगितले नाही.

'आपलाच माणूस' या शब्दाचा अर्थ आपण उलटा करून ठेवला आहे. परक्याने कापले तर आपण संतापतो, आपल्याने कापले तर गिळतो. वस्तुतः आपल्या माणसाकडून अधिक चोख हिशेबाची अपेक्षा असावयास हवी. ज्ञातीचा धागा हा दुबळ्याचे तोंड बांधण्यासाठी नाही.

येथे बसलेल्या मालक-बंधूंना माझी हात जोडून विनंती आहे. धंद्याच्या अडचणी मी जाणतो. मालाचे पैसे अडकतात, बँकेचा हप्ता थांबत नाही. तरीही पगाराचा हिशेब लिहून द्या. पगारपत्रक देणे आता कायद्यानेच बंधनकारक आहे. कपात करण्यापूर्वी माणसाला बोलावून त्याचे ऐका. तंटा कामगार खात्याकडे गेलाच, तर पगार दिला हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर असते आणि गैर कपातीबद्दल मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा हुकूम होऊ शकतो. परंतु भीतीपोटी नव्हे, आपल्या वडिलांपैकी कोणी तरी कधी काळी सालगडी होता, हे आठवून हे करा.

तरुण बंधुभगिनींना सांगणे असे की, पगारपत्रक, बँकेचे पासबुक, हजेरीची नोंद जपून ठेवा. कोऱ्या कागदावर सही करू नका. 'मी माझा हक्क सोडतो,' असे कोणी लिहून घेतले, तरी त्या लिखाणाला कायद्यात किंमत नाही. प्रथम मालकास नम्रपणे, पण लेखी विचारा. उत्तर न मिळाल्यास जिल्ह्याच्या कामगार खात्याच्या कार्यालयात जा. अर्जाची मुदत आता तीन वर्षांची आहे. अर्ज स्वतः करता येतो, संघटनेमार्फतही करता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना तेथे विनामूल्य साहाय्य मिळू शकते. आणि एक गोष्ट उलट बाजूने. उचल घेतली असेल तर ती फेडा, हाती दिलेला माल जपा, न सांगता घरी राहू नका. हक्क मागणाऱ्याचा हात स्वच्छ असला म्हणजे त्याचा आवाज चढवावा लागत नाही.

कायद्याचा हा उजेड जेथे अजून मंद आहे, त्या लोकांचेही स्मरण येथे केले पाहिजे. आपल्या जिल्ह्यातील आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील कितीतरी जोडपी दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातील एक आजारी पडला तरी खाडा, आणि तो उचलीवर चढतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, हेही एक कारण अनेक स्त्रियांनी सांगितले होते. एका दिवसाच्या कपातीची भीती माणसाला कोठवर नेते, हे यावरून कळावे. माझ्या आईच्या भिंतीवरील रेघा अद्याप पुसल्या गेलेल्या नाहीत.

शेवटी एक लहानशी सूचना कार्यकारिणीपुढे ठेवतो. आपल्या वसतिगृहात एक खोली रविवारी सकाळी रिकामी असते. तेथे दोन तास बसण्यास मी तयार आहे. ज्याला आपले पगारपत्रक समजत नाही, त्याने ते घेऊन यावे. ज्या मालकास नियम विचारावयाचे असतील, त्यानेही निःसंकोच यावे. ज्ञातीतील एक-दोन वकील मित्रांनी महिन्यातून एकदा वेळ द्यावा. यास पैसा लागत नाही. एक टेबल, दोन बाके आणि एक वही पुरे.

मी आयुष्यभर मुलांना वजाबाकी शिकविली. वरच्या आकड्यातून खालचा आकडा का वजा झाला, हे विचारण्याचे धैर्य मात्र शिकविले नाही. उरलेल्या दिवसांत तेवढे शिकवावे, अशी इच्छा आहे. तो मुलगा कधी या संमेलनाला आला, तर त्यास मी सर्वांसमक्ष सांगेन की, बाळ, त्या संध्याकाळी तुझे उत्तर बरोबर होते, तुझ्या गुरुजींचे चुकले.